कराडच्या पट्टीवरून दुपारी विमान चढतच नाही. नाक वर की खाली?

पलूसचा_पक्षी | मंगळवार, रात्री ९:४०

मंडळी, बरेच दिवस वाचनमात्र होतो. पहिलाच धागा काढतोय, चुकलं तर सांभाळून घ्या.

मी पलूसचा. सध्या कराडला विमान शिकतोय. अठ्ठावीस तास झालेत, त्यातले तीन एकट्याने. विमान सेस्ना १७२, १८० अश्वशक्तीचं. सकाळी साडेसहाला एकटा उडतो तेव्हा सगळं लोण्यासारखं असतं. ५५ नॉट वेगाला नाक उचललं की पाखरू वर, चढाचा काटा मिनिटाला नऊशे फुटांवर.

परवा दुपारी अडीचला सरांबरोबर गेलो. पारा ३९. आम्ही दोघं, दोन्ही टाक्या फुल्ल, मागच्या सीटवर सरांची भलीमोठी बॅग. फ्लॅप, म्हणजे पंखामागच्या झडपा, दहा अंश खाली. पट्टी सोडायलाच इतका वेळ लागला की मी दोनदा काट्याकडे बघितलं. तीनशे फुटांवर फ्लॅप उचलले आणि विमान बुडल्यासारखं वाटलं. साहजिक मी योक (विमानाचं स्टीअरिंग) ओढला. वेग ६२ वर आला, चढाचा काटा साडेतीनशेवर, समोर पाटणकडचे डोंगर. मी अजून ओढणार तेवढ्यात सरांनी योक पुढे ढकलला. विमान चढत नसताना नाक खाली! वेग ७४ झाला आणि काटा हळूहळू पाचशेच्या वर गेला.

डोक्याला पटलं, हाताला अजून पटत नाही. म्हणून तीन प्रश्न.
एक, असं का होतं, साध्या भाषेत?
दोन, ब्रेक दाबून फुल्ल पॉवर द्यायची आणि मग सोडायचं, की चालता चालता थ्रॉटल?
तीन, एक सीनियर म्हणतो की क्रूझला (ठरलेल्या उंचीवरच्या सरळ उड्डाणाला) जाताना दीडशे फूट जास्त चढायचं आणि मग विमान खाली सोडायचं, म्हणजे ते 'पायरीवर' बसतं आणि पाच नॉट फुकट मिळतात. खरं का?

भडंग_स्पेशल | रात्री ९:५२

आमची विटा-सांगली एसटी तासगावच्या चढाला थांबायची तेव्हा कंडक्टर म्हणायचा, "जवान माणसं खाली उतरा." तुमच्याकडं ही सोय न्हाई वाटतं.

बाकी तज्ज्ञ येतीलच. मी बसलोय भडंग घेऊन.

मिरजेची_तार | रात्री १०:१०

बॅग किती किलोची होती ते सांगा आधी. :)

गंमत नाही, खरंच विचारतेय. माझ्या ट्रेनिंगच्या काळात एका पोराने मागे जेवणाचे डबे, पाण्याचा कॅन आणि टोइंग बार ठेवून वजनाचा कागद मात्र आदल्या दिवशीचाच लावला होता. १७२ चं कमाल वजन २५५० पौंड, किलोत साडेअकराशेच्या थोडं वर. दोन धडधाकट माणसं, फुल्ल टाक्या आणि बॅग म्हटलं की त्याच्या बरंच जवळ जातं. सकाळी एकटा, टाक्या अर्ध्या. मग सकाळच्या आणि दुपारच्या विमानाची तुलना करूच नका, ती दोन वेगळी विमानं आहेत.

क्रॉसविंड_काका | रात्री ११:०५

पक्ष्या, चांगला धागा काढलास. निवृत्त झालोय, झोप येत नाही, त्यामुळे लांबण लावतो.

आधी पाटीवरचं गणित कर. कराडची पट्टी समुद्रसपाटीपासून साधारण १९०० फूट. प्रमाण हवेत समुद्रकाठी १५ अंश धरतात आणि दर हजार फुटांना दोन अंश उतरतात. म्हणजे तुझ्या पट्टीवर 'असायला हवं' ११ अंश. होते ३९. फरक २८. दर अंशाला १२० फूट धर, २८ गुणिले १२० म्हणजे ३३६०. ते १९०० मध्ये मिळव. सव्वापाच हजाराच्या वर गेलं. ही डेन्सिटी अल्टिट्यूड, म्हणजे विमानाला जाणवणारी उंची. तू उभा कराडला होतास, पण इंजिन, प्रॉप (पुढचा पंखा) आणि पंख तिघांनाही वाटत होतं की आपण महाबळेश्वरच्याही वर आहोत. महाबळेश्वरचा सगळ्यात उंच पॉइंट ४७०० फुटांच्या आसपास आहे, यावरून अंदाज घे.

टर्बो नसलेलं इंजिन दर हजार फुटांना ढोबळ तीन टक्के ताकद गमावतं. तुझे १८० घोडे दुपारी दीडशेच होते. प्रॉपला चावायला विरळ हवा, पंखालाही विरळ हवा. तिन्हीकडून मार.

आता गंमत बघ. वेगाचा काटा विरळ हवेत कमी दाखवतो. काट्यावर ५५ होतात तेव्हा जमिनीवर तू साठच्या जवळ पळत असतोस. डोळ्याला वाटतं, बाप रे, किती जोरात चाललोय, आणि हात आपोआप मागे येतो. सकाळच्या डोळ्याने दुपारी उडायचं नाही. काट्याने उडायचं.

विमानाच्या पुस्तकातले आकडेही लिहून ठेव. पूर्ण वजन, शॉर्ट फील्ड (आखूड पट्टीची) पद्धत, २००० फूट, ४० अंश, वारा नाही: जमिनीवरची धाव सुमारे १४०० फूट, पन्नास फुटांचा अडथळा ओलांडेपर्यंत साडेतेवीसशे. तेच समुद्रकाठी १० अंशाला सव्वानऊशे आणि पावणेसोळाशे. दीडपट झालं. आणि हे नव्या विमानाचे, कसलेल्या टेस्ट पायलटचे आकडे. तुझं विमान किती जुनं आहे ते तुला माहीत.

नाकाबद्दल उद्या. डोळे दुखायला लागले.

उंडाळकर | बुधवार, सकाळी ७:१५

काका, आमच्यासारख्या जमिनीवरच्यांना सांगा, हे स्कूटर यवतेश्वरचा घाट चढताना दमते तसंच ना?

क्रॉसविंड_काका | सकाळी ८:३०

घाटात स्कूटर दमते ती मुख्यतः चढामुळे. पण वर कासला सपाटीवरही ती साताऱ्यातल्यासारखी पळत नाही, तो भाग हवेचा. तेच इथे.

किर्लोस्करवाडी_फिटर | सकाळी ९:०२

पंपवाल्याच्या भाषेत सांगतो. सक्शनला पाणी कमी आलं की मोटर तेवढीच फिरते, आवाज तोच, पण डिलिव्हरी कमी. विमानाचं इंजिन हा शेवटी हवेचा पंपच. आवाजावर जाऊ नका, डिलिव्हरी बघा.

मिरजेची_तार | सकाळी ९:२०

फिटरदादा, हे मी चोरणार. पुढच्या ब्रीफिंगला वापरते.

पक्षीभाऊ, तुमच्या वर्णनात एक गोष्ट कुणी धरली नाही. तीनशे फुटांवर फ्लॅप उचलल्यावर विमान बुडल्यासारखं वाटलं, ते खरंच बुडतं. फ्लॅप लिफ्ट देत होते, ते काढून घेतले. दोन-तीन सेकंद विमान पोटात गोळा आणतं आणि वेग वाढला की पुन्हा सावरतं. ते सेकंद सहन करायचे. तुम्ही त्याच सेकंदांत योक ओढला, वेग खाल्ला, आणि मग पुढचा सगळा चढ त्या कमावलेल्या वेगाशिवाय करावा लागला.

मी पोरांना सांगते: अडथळा पार, वेग साठच्या वर आणि अजून वाढतोय, मगच फ्लॅप. आणि उचलताना नाक क्षितिजावर जिथे आहे तिथेच धरून ठेवायचं. हात गोठवा. एक, दोन, तीन म्हणा. मग काटा बघा.

शेरीनाला | सकाळी १०:४४

मुळात दहा अंश फ्लॅप लावायचेच कशाला? कराडची पट्टी १२८० मीटरची आहे, १७२ ला भरपूर. फ्लॅप नसते तर बुडणं नाही, ओढणं नाही, धागाही नाही.

मिरजेची_तार | सकाळी ११:०१

पुस्तक म्हणतं की दहा अंशाने धाव आणि अडथळ्यापर्यंतचं अंतर साधारण दहा टक्क्यांनी कमी होतं. ४० अंशाला ते दहा टक्के मी सोडणार नाही.

शेरीनाला | सकाळी ११:०९

आणि वर गेल्यावर तेच फ्लॅप चढ खातात ते? पुढे डोंगर आहे म्हणताय ना.

मिरजेची_तार | सकाळी ११:१५

डोंगर किलोमीटरांवर आहे हो. पट्टीच्या टोकाचं पन्नास फुटी झाड आणि पाटणचा डोंगर यांना एकच औषध नाही. आधी झाड.

क्रॉसविंड_काका | दुपारी १२:४०

दोघांचंही चालेल, पुस्तक शून्य ते दहा अंश दोन्हीला परवानगी देतं. भांडू नका, उन्हं तापलीत.

आता नाक. दोन वेग असतात. एक, कमीत कमी अंतरात जास्तीत जास्त उंची देणारा, व्हीएक्स. तुझ्या विमानाचा ६२ च्या आसपास. दुसरा, कमीत कमी वेळात जास्तीत जास्त उंची देणारा, व्हीवाय. समुद्रकाठी ७४, वर जाईल तसा थोडा कमी होत जातो. व्हीएक्स मात्र उंचीबरोबर वाढतो. चढत चढत दोघं एकमेकांना भेटतात तिथे विमानाचा चढ संपतो. त्यापुढे एक फूटही नाही.

याचा अर्थ, हवा विरळ होत जाते तशी तुझ्याकडची गल्ली अरुंद होते. सकाळी ६२ ला चढलास, ८० ला चढलास, तरी फारसं बिघडत नाही. दुपारी दोन-पाच नॉट इकडे तिकडे झाले तरी काट्यावर दिसतात. आणि गल्लीच्या डाव्या भिंतीपलीकडे, म्हणजे ६२ च्याही खाली ओढत गेलास, की जेवढं ओढशील तेवढा चढ कमी. विमान नाक वर करून हवेत नांगर ओढल्यासारखं चालतं. सगळी ताकद नांगर ओढण्यात जाते. पुढची पायरी स्टॉल, म्हणजे पंखांची उचलच तुटणं, आणि तीनशे फुटांवर स्टॉल झाला तर सावरायला उंची नाही.

पुस्तक २००० फूट, ४० अंशाला साडेपाचशेच्या आसपास चढ देतं, ते ७३ नॉटला. तुला साडेतीनशेच मिळत होता, त्याचं एक मोठं कारण म्हणजे तू ओढत ओढत ६२ वर आला होतास. सरांनी काही जादू केली नाही, तुझा हिशोब परत केला.

खोडवा | दुपारी १:३०

राम राम. मी पायलट न्हाई. पट्टीच्या खालच्या अंगाला आमचं रान हाय. तुमची इमानं सकाळी सहापासनं डोक्यावर घोंगावत्यात, त्येचा राग मनात हायच, पर त्यो नंतर.

आमच्या पोरानं हा धागा दाखवला. समदं वाचलं. तुमी लोकं वर कसं जायाचं त्येवर भांडताय. वर जाताना इंजिन बंद पडलं तर कुठं उतरणार ह्ये कोण बोलंना. कारण उतरणार तर आमच्याच रानात.

मिरजेची_तार | दुपारी १:४१

दादा, धाग्यातली सगळ्यात शहाणी पोस्ट. सांगा ना, वरून आम्हाला सगळंच हिरवं दिसतं.

खोडवा | दुपारी २:२५

मग ऐका.

आडसाली ऊस असंल तर त्यो दोन पुरुष उंच आस्तुय. वरनं गादी दिसती. गादी न्हाई, काठ्या हायत, मनगटाएवढ्या. त्यात इमान गेलं की आमाला सापडायला सुदिक येळ लागंल. तुटून गेलेला फड बगा. पाचट जाळलेलं असंल तर काळा दिसतुय, न्हाय जाळलं तर पिवळट. तिथं उतरा. पर सरीच्या लांबीनं. सरी साडेचार फुटाची आस्ती, आडवं उतरलात तर पयल्याच वरंब्याला पुढचं चाक मोडंल आन् इमान पालथं.

नुकतं पाणी पाजलेलं रान चमकतंय. दुपारच्या उन्हात आरशावानी. तिकडं न्हाई जायाचं, चाक रुतलं की संपलं. खोडव्याला पाणी कवा दिलं आमी सांगू शकतो, तुमाला वरनं चमकच बगावी लागंल.

आन् मोटारीच्या तारा. हिरीवर पेटी आस्ती, पेटीला खांब, खांबाला तारा. तार दिसत न्हाई, खांब बगा.

द्राक्षबाग_तासगाव | दुपारी २:५०

खोडवा मामांना दंडवत. आमच्याकडची भर घालतो. तासगाव, पलूस, कवठेमहांकाळ बाजूला वरून जो एकसारखा गुळगुळीत हिरवा गालिचा दिसतो ना, ती द्राक्षबाग. त्या गालिच्याच्या खाली लोखंडी अँगल आणि तारांचा मांडव असतो, पाच-सहा फुटांवर. मरायचं असेल तरच तिकडे.

पलूसचा_पक्षी | दुपारी ३:१०

घरचीच बाग आहे आमची, तरी वरून बघताना हे कधी डोक्यात आलं नव्हतं. लाज वाटली.

क्रॉसविंड_काका | दुपारी ४:०५

चाळीस वर्षांत मी कुणाला सरीच्या लांबीने उतर असं शिकवलं नाही. नुसतं 'समोर तीस-तीस अंशांत रान निवड' एवढंच. आजपासून भर घालतो.

पक्ष्या, या निमित्ताने एक सांगतो. टेकऑफनंतर इंजिन गेलं तर पहिलं काम नाक खाली. तू ७४ ला नाक वर करून चढत असतोस, पॉवर गेली की वेग दोन-तीन सेकंदांत विरघळतो. नाक खाली, ६५-७० चा ग्लाइड (इंजिनाशिवाय तरंगत उतरणं), समोरचं रान. मागे वळून पट्टी गाठायचा मोह आवर. कमी उंचीवर तसं वळताना वेग गमावून पडलेले पुष्कळ आहेत. आगाशिवाचा डोंगर डाव्या हाताला दिसत असताना पुढे कुठे मोकळं आहे ते उडायच्या आधी, जमिनीवर उभं राहून ठरव. आणि तोंडाने म्हणायचं, मोठ्याने: "पाचशेच्या खाली इंजिन गेलं तर समोर."

शेरीनाला | संध्याकाळी ५:३०

मिक्स्चरबद्दल, म्हणजे हवा-पेट्रोलच्या प्रमाणाबद्दल, कुणी बोललंच नाही. सव्वापाच हजार डेन्सिटी अल्टिट्यूड आणि मिक्स्चर फुल्ल रिच? पेट्रोल जास्त, हवा कमी, इंजिन गुदमरतं. थोडं लीन केलं असतं, म्हणजे पेट्रोल कमी केलं असतं, तर तीसेक आरपीएम वाढले असते, पैज लावतो.

मिरजेची_तार | संध्याकाळी ५:४८

पुस्तक ३००० फुटांच्या वरच्या पट्टीसाठी म्हणतं की उभ्याने फुल्ल थ्रॉटल देऊन सर्वात जास्त आरपीएम मिळेपर्यंत लीन करा. कराड १९०० आहे.

शेरीनाला | संध्याकाळी ५:५५

पट्टीची उंची १९००. हवेची सव्वापाच हजार. इंजिन पाटी वाचत नाही.

मिरजेची_तार | संध्याकाळी ६:०४

इंजिन पाटी वाचत नाही पण तापतं. ३९ अंशात, फुल्ल पॉवरला, जास्तीचं पेट्रोल सिलिंडर थंड ठेवतं. अठ्ठावीस तासांचा विद्यार्थी मनाने मिक्स्चर ओढायला लागला तर मी त्याचा हात धरीन. इन्स्ट्रक्टर शेजारी बसून दाखवतील तेव्हा करावं.

शेरीनाला | संध्याकाळी ६:०६

विद्यार्थ्याबद्दल मान्य. बाकी माझं मत कायम.

म्हसवडकर | संध्याकाळी ७:२०

कवलापूरच्या माळावर विमानतळ कधी होणार यावर तज्ज्ञांनी प्रकाश टाकावा. आमच्या आजोबांपासून ऐकतोय.

भडंग_स्पेशल | संध्याकाळी ७:२४

हो जाईल की. तोवर म्हशी तिथं टचडाउनचा सराव करत्यात.

संपादक_मंडळ | संध्याकाळी ७:४०

कवलापूरसाठी वेगळा धागा आहे, तिथे तीनशे प्रतिसाद झालेत. इथे नको.

विमाननगरचा_सातारकर | रात्री ८:१५

तिसऱ्या प्रश्नावर येतो. ती 'पायरी' खरी आहे. मी स्वतः केलंय. ४५०० ला जायचं असेल तर ४६५० ला जाऊन सोडायचं. काटा ११५ दाखवतो. सरळ लेव्हल केलं तर १०८ वर रडत बसतं.

क्रॉसविंड_काका | रात्री ९:००

सातारकर, ११५ किती वेळ टिकतो?

विमाननगरचा_सातारकर | रात्री ९:०६

टिकतो की. चांगला.

क्रॉसविंड_काका | रात्री ९:०८

घड्याळ लावून?

विमाननगरचा_सातारकर | रात्री ९:१५

घड्याळ नाही लावलं.

क्रॉसविंड_काका | रात्री ९:५०

लाव एकदा. तेवढं वजन, तेवढी उंची, तेवढी पॉवर, तर सरळ उड्डाणात विमानाचा क्रूझचा वेग एकच ठरतो. ओढ आणि ताकद जिथे बरोबरीला येतात तो. वरून घसरत आलास तर त्याच्या वरून खाली येतोस, खालून वाढवत आलास तर वर जातोस, पाच-सात मिनिटांत दोघं एकाच आकड्यावर. दीडशे फूट जास्त चढायला जे पेट्रोल जाळलंस तेच परत मिळालं, फुकट काही नाही.

पण ही समजूत टिकून का आहे ते सांगतो, कारण त्यात पक्ष्याचा फायदा आहे. बहुतेक पोरं उंची गाठली की लगेच पॉवर कमी करतात. विमान अजून ७५ वर आहे, क्रूझला शंभरच्या पुढे जायचंय, आणि तुम्ही हातातली ताकद काढून घेताय. मग ते रडत रडत दहा मिनिटांनी पोचतं. तोवर पोराने ट्रिम (योकवरचा दाब उतरवायचं चाक) चार वेळा फिरवलेलं असतं. वरून सोडणाऱ्याला हा त्रास होत नाही, म्हणून त्याला वाटतं पायरी सापडली.

खरी रीत: चढ पाचशेचा असेल तर पन्नास फूट आधी नाक हळूहळू खाली घ्यायला सुरुवात. दहा टक्के. थ्रॉटलला हात नाही. विमान पळू दे. नाक उचलू बघेल, हाताने दाबून धर. शंभरच्या जवळ आलं की मग पॉवर क्रूझवर, समजा २४०० आरपीएम. मग ट्रिम, हातातला दाब जाईपर्यंत. मग अर्धा मिनिट हात सोडून बघ. मग पुन्हा थोडं ट्रिम. सगळ्यात शेवटी मिक्स्चर. ट्रिमने विमान उडवायचं नाही. आधी हाताने जागेवर आणायचं, ट्रिम फक्त हाताचं ओझं उतरवायला.

विमाननगरचा_सातारकर | रात्री १०:०५

घड्याळ लावून बघतो. (पण ११५ दाखवत होता.)

पाटणचा_वारा | गुरुवार, सकाळी ६:५०

क्रूझवर माझीही एक काडी. चाळकेवाडीच्या पठारावर पवनचक्क्या उगाच नाही उभ्या केल्या. पश्चिमेचा वारा जोरात असला की तो डोंगरावरून आमच्या बाजूला खाली कोसळतो. तुम्ही पूर्वेकडून डोंगराकडे चढत येताय आणि काटा शून्यावर. विमान बिघडलेलं नसतं, हवाच खाली चाललेली असते. डोंगराला काटकोनात भिडू नका, तिरके या, म्हणजे वळून पळता येतं. आणि माथ्यावरून हजार-दोन हजार फूट वर असाल तरच ओलांडा.

मिरजेची_तार | सकाळी ८:१०

हो. सपाटीवर याचंच लहान भावंड भेटतं. कराड ते सांगली हवेतून साठेक किलोमीटर, वीस मिनिटांचं काम. एप्रिलच्या दुपारी तेवढ्यात पंचवीस वेळा उचलून आपटतं. नांगरलेलं काळं रान आलं की वर, कृष्णाकाठचा ओला ऊस आला की खाली. नवशिका प्रत्येक धक्क्याला उंची दुरुस्त करतो, चढला की दाबतो, उतरला की ओढतो, आणि घाम पुसतो. नाक क्षितिजावर धरा, शंभर फूट वर-खाली जाऊ द्या, पुढचं रान ते परत करतं.

आणि चढताना उजवा पाय! हे कुणीच लिहिलं नाही. नाक वर, पॉवर फुल्ल, वेग कमी, या तिन्हींत प्रॉपचं उजवीकडचं खाली येणारं पातं जास्त हवा चावतं आणि नाक डावीकडे ओढलं जातं. बैलगाडीत उजवा बैल दमदार आणि डावा ढिला असला तर जू कुठे वळतं, तसं. शिवाय प्रॉपचा भोवरा शेपटीला डाव्या बाजूने थापडतो. उजवा रडर (शेपटीचं सुकाणू, पायाने चालतं) दिला नाही तर विमान तिरकं चढतं, आणि तिरक्या विमानाचा चढ आणखी कमी. पक्षीभाऊ, परवाच्या साडेतीनशेतले पन्नास तिथेही गेले असतील. बॉल (विमान तिरकं आहे का ते दाखवणारी गोळी) कुठे होता?

पलूसचा_पक्षी | सकाळी ९:३०

बॉल बघितला नव्हता, ताई.

खोडवा | सकाळी १०:०२

उजवा बैल दमदार असंल तर गाडीवान त्येला आवळतो आन् डाव्याला चुचकारतो. तुमी पायानं करता एवढाच फरक.

किर्लोस्करवाडी_फिटर | सकाळी ११:१५

तीन प्रश्न होते. पहिला झाला, तिसरा झाला. ब्रेकचा दुसरा प्रश्न सगळे विसरले.

क्रॉसविंड_काका | दुपारी १२:२०

फिटर, तू तपासनीस व्हायला हवा होतास.

आखूड पट्टी असेल तर पुस्तकाची रीत ब्रेक दाबून फुल्ल पॉवर, काटे बघून मग सोडणे. कारण पुस्तकातलं अंतर त्याच रीतीने काढलेलं आहे. उभ्याने फुल्ल दिल्यावर आरपीएम किती यायला हवेत तो आकडा पुस्तकात असतो, तेवढे आले नाहीत तर तिथेच थांबायचं. तोटा एवढाच की पट्टीच्या टोकाला खडी असली तर प्रॉप ती उचलून स्वतःवरच मारून घेतो, पात्याला टवके. म्हणून खडीवर उभं राहायचं नाही, दोन मीटर पुढे साफ जागेवर ये.

रोजच्या सरावाला चालता चालता दे, पण तीन सेकंदांत, एकसारखा. खस्सकन नाही.

आणि एक मुख्य गोष्ट. सगळे शिकवतात, अर्ध्या पट्टीपर्यंत उडायच्या वेगाच्या सत्तर टक्के आले नाहीत तर रद्द. ५५ चे सत्तर टक्के म्हणजे ३८-३९. आखूड पट्टीला हा नियम उत्तम. कराडला अर्धी पट्टी म्हणजे ६४० मीटर, आणि ४० अंशातही तू पुस्तकाप्रमाणे सव्वाचारशे मीटरला जमीन सोडायला हवीस. म्हणजे अर्ध्यावर तू अजून ३९ वर असशील तर नियम म्हणतो 'चालू दे', पण विमानात काहीतरी मोठं बिघडलेलं आहे. हँडब्रेक राहिलाय, नाहीतर मॅग्नेटो, म्हणजे इंजिनाला ठिणगी देणारं यंत्र, बिघडलंय. म्हणून रोज उडायच्या आधी स्वतःची खूण ठरव. पट्टीकडेचं एखादं झुडूप, रंगाचा डाग. साडेपाचशेच्या आसपास. तिथे चाकं जमिनीवर असतील तर थ्रॉटल मागे, वाद नाही.

पलूसचा_पक्षी | शनिवार, रात्री ८:५५

काका, ताई, सगळ्यांना. आज दुपारी पुन्हा गेलो. ३८ अंश. बॅग सरांनी ऑफिसात ठेवली, मी न सांगता. (ते हा धागा वाचतात असा संशय आहे.)

खूण ठरवली, पट्टीकडेचा चुन्याचा दगड. त्याच्या बऱ्याच आधी उडालो. फ्लॅप चारशेला, वेग ७० होऊ दिला. बुडलं. हात गोठवला. एक, दोन, तीन. पोटात गोळा आला पण हात हलला नाही. मग ७३-७४, उजवा पाय, बॉल मधोमध. काटा साडेपाचशेच्या आसपास, मधूनच सहाशे. सरांनी पहिल्यांदा हात मांडीवर ठेवले.

क्रूझला मात्र माती खाल्ली. पन्नास फूट आधी सुरुवात केली, थ्रॉटल तसंच ठेवलं, आणि नाक दाबून धरायला विसरलो. ऐंशी फूट वर. मग दाबलं, चाळीस फूट खाली. सर म्हणाले, "आता ट्रिमला हात लावलास तर खाली उतरवीन." नाही लावला.

विमाननगरचा_सातारकर | रात्री ९:२०

मीही घड्याळ लावलं. सहा मिनिटांनी १०९. सरळ लेव्हल करून, काकांच्या रीतीने, तेही १०९. बोलत नाही जास्त.

भडंग_स्पेशल | रात्री ९:२२

एक नॉट वाढला की राव. पायरी न्हाई, उंबरा हाय.

खोडवा | रात्री ९:४५

पक्षी, दुपारी तीनच्या सुमाराला पांढरं इमान आमच्या हिरीवरनं गेलं, नाक लै वर न्हवतं, ते तुमीच का? आवाज बरा वाटला आज. बाकी हिरीच्या वरल्या पट्टीत परवा तोड संपली, पाचट पेटवलंय, काळी पट्टी दिसंल. सरी पूर्व-पश्चिम हाय. आठवडाभर पाणी देणार न्हाई.